पास झाल्याचा पेढा

त्याने माझ्या भाचीला फसवलं, आणि तेही तोंड गोड करून.

नवा रायपूरला त्याचं कॉल सेंटर आहे. रायपुरातच, गुढियारीतल्या माझ्या दुकानात तो दर रविवारी वायर, बल्ब घ्यायला येतो. मी सांगेन त्या भावाला छातीवर हात ठेवून होकार देतो, "हव, भाऊ." घासाघीस करतच नाही. अशा माणसाचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

भाची कॉलेजात होती. तिच्यासाठी मीच शब्द टाकला. "आता अर्धा दिवस करेल. पण ग्रॅज्युएट झाली की पक्की नोकरी द्या लागते."

"हव, भाऊ. पोट्टी घरचीच आहे."

कॉलेज सुटल्यावर ती बसने तिकडे जायची. नव्या पोरींना काम तीच शिकवायची.

निकाल लागला. त्याने सगळ्यांसमोर स्वतःच्या हाताने तिला पेढा भरवला आणि म्हणाला, "बधाई हो, बेटा. कल से मत आना. हम सिर्फ स्टुडेंट रखते हैं." तोंडात पेढा असल्यामुळे तिला बोलताही आलं नाही.

रविवारी तो आला, तसा मी गिऱ्हाइकांसमोरच ओरडलो, "काहून फसवलं तिले?"

"फसवलं कुठं, भाऊ? ग्रॅज्युएटले अर्ध्या पगारात राबवणं बरं दिसत नाही." हात छातीवरच होता.

मग 'हव' कशाला म्हणाला होता? याचं उत्तर त्याने मला नाही, तिला द्यावं, इथे माझ्या दुकानात उभं राहून. तोवर त्याला माझ्याकडून एक बल्बही मिळणार नाही.