एडिसनचा रनिंग बॅक

माझं काम काय ते सांगितलं की आपल्या लोकांना आधी हसू येतं. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी मी शाळकरी मुलं हेरतो. शुक्रवारी संध्याकाळी कुठल्यातरी हायस्कूलच्या मैदानाच्या कडेला उभं राहून खेळ बघायचा, एखादा आवडला तर त्याच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलायचं. सहा वर्षांचा असताना मी पुण्याहून न्यू जर्सीत आलो आणि या खेळाच्या नादी लागलो, तो लागलोच.

न्यू जर्सीतल्याच एडिसन गावच्या एका मुलाचं आडनाव खेळाडूंच्या यादीत वाचलं तेव्हा वाटलं, काहीतरी घोटाळा झालाय. मराठी आडनाव, आणि रनिंग बॅक! म्हणजे चेंडू छातीशी घट्ट धरून समोरच्या दांडग्या पोरांमधून वाट काढत पळणारा. मुद्दाम बघायला गेलो. उंची बेताचीच, पण तिघं लटकले तरी त्याचे पाय थांबत नव्हते. पडला की उठून पाडणाऱ्यालाच हात द्यायचा.

घरी तो आणि आई, दोघंच. वडील तो सातवीत असताना गेलेले. आई नागपूरची, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. मी मराठीत बोलायला लागलो तशी ती सैलावली.

"मला नं यातलं काहीच समजत नाही," ती म्हणाली. "पहिल्यांदा त्याला पाडलं तेव्हा मी उठून गाडीत जाऊन बसले होते. पण तुम्ही आपले आहात. तुम्ही म्हणाल तसं करू."

आमच्या हेड कोचने होकार दिला. मी फोन करून कळवलं: जागा पक्की, स्कॉलरशिपसकट. सगळं तोंडी होतं. सह्या व्हायला तीन आठवडे होते.

मधेच एकदा त्या मुलाचा फोन आला. "काका, ते दुसरं कॉलेज आहे ना, ते लोक परत कॉल करतायत. त्यांना काय सांगू?"

ते कॉलेज आमच्यापेक्षा लहान होतं, पण त्यांनीही जागा देऊ केली होती आणि त्यांना तो मनापासून हवा होता.

"नको म्हणून सांग," मी म्हणालो. "तू आता आमचा."

त्याने तसंच सांगितलं.

हल्ली एका कॉलेजचा खेळाडू सहज दुसऱ्या कॉलेजात जाऊ शकतो. एका सोमवारी हेड कोचने मला बोलावलं. दोन वर्षं खेळून तयार झालेला एक रनिंग बॅक आमच्याकडे यायला राजी होता आणि जागा एकच होती.

"त्या पोराला कळव," तो म्हणाला.

"आपण शब्द दिलाय त्याला."

"तू दिलायस."

त्या दिवशी मी फोन केला नाही. मंगळवारी पुन्हा हेड कोचकडे गेलो, बुधवारी पुन्हा. मी पोरासाठी भांडतोय अशी स्वतःची समजूत घालत होतो. खरं म्हणजे मला तो फोन करवत नव्हता. गुरुवारी शेवटी गाडी काढून त्यांच्या घरी गेलो.

दार त्यानेच उघडलं. डोक्यावर आमच्या कॉलेजची टोपी होती. मला आलेलं बघून तो इतका खूश झाला की मी बूट काढायलाच उगाच वेळ लावला. मग दोघांना समोर बसवून सांगितलं.

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "काका, माझं काही चुकलं का?"

"नाही रे. तुझं काहीच नाही चुकलं."

त्याने फोन उचलला आणि त्या दुसऱ्या कॉलेजला लावायला आतल्या खोलीत गेला. दोन मिनिटांत परत आला.

"They gave it to someone else," तो आईला म्हणाला. "काल."

आईने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला कधी समजलं?"

खोटं बोलता आलं असतं. "सोमवारी."

"मग सोमवारी का नाही सांगितलं?"

तिचा आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं. ती नुसती उत्तराची वाट बघत होती.

"आई, leave it," मुलगा म्हणाला, आणि मला पोचवायला दारापर्यंत आला.

पुढचे दोन महिने मी त्याच्यासाठी ओळखीच्या प्रत्येक कोचला फोन केले. सगळीकडच्या जागा भरल्या होत्या. तो इथल्याच एका युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला गेला. फुटबॉल सुटला. मी मेसेज पाठवले, त्यांना उत्तर आलं नाही. आमचा नवा रनिंग बॅक छान खेळला. पहिल्याच मॅचला त्याने दोनदा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला आणि सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. मी अजून त्याच नोकरीत आहे.

गेल्या महिन्यात एडिसनच्या त्या मुलाची आई जवळच्याच आयसेलिन गावात वाणसामानाच्या दुकानात बिलाच्या रांगेत भेटली. तिने मला टाळलं नाही. "कसे आहात?" म्हणाली.

मी त्याची चौकशी केली.

"अभ्यास करतो. मार्क चांगले आहेत," ती म्हणाली. मग म्हणाली, "टीव्हीवर मॅच लागली की उठून आत जातो. मग मी बंद करून टाकते."

तेवढ्यात रांग पुढे सरकली आणि ती ट्रॉलीतून कोथिंबिरीच्या जुड्या काढून काउंटरवर ठेवू लागली.