वेंगुर्ल्याचे सामंत युनियन सिटीत जेवतात

आमच्या फ्रीमाँटच्या मराठी मंडळात मोरेश्वर सामंतांची ख्याती एकच होती: हा माणूस जेवायला बसला की उठत नाही. गणपतीचं जेवण असो की कुणाच्या घरचं पॉटलक, सामंतकाका खुर्चीत बसलेले असायचे आणि ताट त्यांच्याकडे चालत यायचं. ते आळशी मुळीच नव्हते. काउंटीच्या पाणी खात्यात इंजिनिअर म्हणून त्यांनी आयुष्य काढलं, भूकंपानंतर फुटलेल्या पाइपलाइनींवर भर पावसात उभे राहिले. पण स्वयंपाकघर हा प्रांत कांचनकाकूंचा. "मला तिथला फक्त बल्ब बदलता येतो," असं ते स्वतःच सांगायचे आणि हसायचे.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी त्यांचा डावा गुडघा बदलला. ऑपरेशन छान झालं, पण पुढे काही आठवडे विमानात बसायला डॉक्टरांनी मनाई केली. आणि नेमकी तिकडे न्यू जर्सीत, एडिसनला, त्यांची लेक ऋता बाळंत व्हायची होती. काकू निघाल्या. जाण्याआधी त्यांनी फ्रीझर आमटी, उसळी आणि पोळ्यांनी इतका गच्च भरला की बर्फाला जागा उरली नाही.

"अहो, फक्त मायक्रोवेव्ह करायचंय," विमानतळावर काकूंनी बजावलं. "झाकण काढून. झाकण काढून, ऐकताय ना?"

पहिले काही दिवस काकांनी झाकणं काढून इमानदारीत आमटी खाल्ली. पण रिकाम्या घरात, समोर कुणी नसताना, गरम केलेली पोळी घशाखाली उतरेना. ते टीव्ही लावून जेवायला लागले, मग अर्धं जेवून उठायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या ताटात अन्न उरायला लागलं.

गुडघ्याच्या व्यायामासाठी त्यांना शेजारच्या युनियन सिटीत एका क्लिनिकमध्ये जावं लागायचं. एका सकाळी तिथून बाहेर पडून, काठी टेकत ते गाडीकडे चालले होते आणि पार्किंग लॉटच्या मधोमध थबकले. वाऱ्यावर एक वास आला होता. तव्यावर सुकी मासळी भाजल्याचा.

काका वेंगुर्ल्याचे. लहानपणी न्याहारीला पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, हा त्यांचा स्वर्ग. अमेरिकेत आल्यावर त्यांनी एकदाच, लग्नाच्या पहिल्या वर्षी, अपार्टमेंटमध्ये सुके बोंबील तळले होते. भिंतीत काहीतरी मेलंय असं समजून शेजाऱ्यांनी मॅनेजरला बोलावलं. कांचनकाकू मूळच्या नागपूरच्या, झणझणीत कोंबडीवर जीव टाकणाऱ्या. त्यांना तो वास मॅनेजरपेक्षाही जास्त लागला होता. त्या दिवसापासून सामंतांच्या घरात सुकी मासळी बंद.

काका नाकाच्या रोखाने निघाले. लाँड्रोमॅटच्या पलीकडे एक छोटं दुकान होतं, 'नेनिताज'. एका बाजूला बेकरी, दुसऱ्या बाजूला वाफाळत्या ट्रे मांडलेला लांब काउंटर आणि मध्ये आठ-दहा टेबलं. काउंटरमागे साठीच्या घरातली एक ठेंगणी, गोलमटोल बाई उभी होती. ती मालकीण, नेनिता. मूळची फिलिपिन्सची.

"ते काय भाजताय?" काकांनी इंग्रजीत विचारलं.

"तुयो. सुकवलेला मासा. पण सर, वास फार येतो हं. नवीन माणसांना मी आधीच सांगून ठेवते."

"बाई," काका म्हणाले, "मी वासामुळेच आत आलोय."

नेनिताने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, काठी पाहिली आणि स्वतः ताट घेऊन बाहेर आली. लसणीवर परतलेला भात, वर एक अंडं, बाजूला कुरकुरीत मासे आणि वाटीत मिरची-लसूण घातलेला व्हिनेगर. काकांनी काटा-चमचा उचलला, इकडेतिकडे पाहिलं. पलीकडच्या टेबलावर एक म्हातारे गृहस्थ शांतपणे हाताने जेवत होते. काकांनी चमचा बाजूला ठेवला आणि बाह्या वर सारल्या.

त्या दिवशी ताटात काही उरलं नाही.

पुढे व्यायाम आठवड्यातून दोनदा आणि 'नेनिताज' जवळजवळ रोज, असं सुरू झालं. तिथे पदार्थांची नावं येत नसली तरी अडत नसे. ट्रेकडे बोट दाखवायचं, नेनिता वाढायची. असल्या खानावळीला त्यांच्याकडे 'तुरो-तुरो' म्हणतात, म्हणजे बोट दाखव, बोट दाखव. काकांनी बोट दाखवून चिंचेच्या आंबट रश्श्यातला मासा खाल्ला, नारळाच्या दुधात शिजवलेलं हिरवंगार काहीतरी खाल्लं आणि दुसऱ्या घासाला ओरडले, "अहो, हे तर अळू!" बेकरीतल्या मऊ, रव्यात घोळवल्यासारख्या दिसणाऱ्या पावाचं नाव पांदेसाल. तो त्यांना गावच्या पावाचा चुलतभाऊ वाटला.

नेनिता त्यांना 'कुया' म्हणू लागली. म्हणजे दादा. काकांनी तिला 'नेनिताबाई' केलं. तिचा नवरा रूडी भट्टी सांभाळायचा आणि फारसा बोलायचा नाही; काका दिसले की नुसता गरम पाव पुढे करायचा.

"डबे संपत आले असतील ना?" काकूंनी फोनवर विचारलं.

"आहेत अजून."

"अजून? अहो, मग खाताय काय?"

काकांनी खरं ते सांगितलं.

"सुकी मासळी? सकाळी सकाळी?"

"सोबत भात असतो," काका म्हणाले.

काकू इतक्या हसल्या की आतल्या खोलीतून ऋता काय झालं म्हणून विचारायला आली.

मग तो रविवार आला. काका नुसते पाव घ्यायला गेले होते. दुकानाच्या दारावर पाटी होती, आज खाजगी समारंभ. आत नेनिता डोक्याला हात लावून उभी होती. एका कुटुंबाच्या बाळाचा बाप्तिस्मा झाला होता आणि चर्चमधून चाळीस माणसं थेट जेवायला यायची होती. सगळी टेबलं जोडून त्यावर केळीची पानं अंथरायची, पानांवरच भात-मासे मांडायचे आणि सगळ्यांनी हाताने जेवायचं, असा तो बेत. हे सगळं मांडायचं काम तिचा भाऊ करायचा आणि भावाची गाडी फ्रीवेवर बंद पडली होती.

"कुया, आज पाव घ्या आणि जा. माझं डोकं ठिकाणावर नाही."

काकांनी केळीच्या पानांच्या गुंडाळीकडे पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवली आणि बेसिनवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.

"पानं मी पुसतो," ते म्हणाले. "ओलं फडकं द्या."

गावच्या देवळातल्या समाराधनेला, कॉलेजात असेपर्यंत, मोरेश्वर वाढायला असायचा. भाताची परात त्याच्याकडे. हे इकडे कुणालाच माहीत नव्हतं, बहुधा काकूंनाही. आज हात आपोआप चालायला लागले. मात्र पहिल्याच टेबलावर त्यांचं आणि नेनिताचं वाजलं. काका प्रत्येकासमोर वेगळं पान मांडत होते.

"असं नाही कुया! एकच लांब पान. मध्ये भाताचा ढीग, सगळे त्यातूनच घेणार."

"एकाच ढिगातून? मग माझं कुठलं आणि शेजाऱ्याचं कुठलं?"

"तीच तर मजा आहे!"

काकांना ते पटलं नाही, पण दुकान तिचं होतं. त्यांनी पानं जोडून लांब हिरवा रस्ता केला. त्यावर भात, भाजलेले मासे, कोळंबी, वांगी, आंब्याच्या फोडी. शेवटी त्यांनी नेनिताच्या नकळत कडेला जागोजागी मीठ आणि लिंबाची फोड ठेवली. पानाची डावी बाजू मोकळी राहिलेली त्यांना बघवेना.

पाहुणे आले, बसले. आता काकांनी घरी जायला हरकत नव्हती. पण भाताचा ढीग एका बाजूने खचत चालला होता. त्यांनी मोठं पातेलं कडेवर घेतलं आणि फिरायला सुरुवात केली.

"भात? थोडा? अहो, एवढासा काय, घ्या!"

इंग्रजीत सुरू झालेला आग्रह तिसऱ्या माणसापर्यंत पूर्ण मराठीत आला होता. बाळाच्या पणजीने पानावर आडवा हात धरला. काकांनी हाताच्या कडेकडेने वाढलं. म्हातारी त्यांच्याकडे रागाने बघायला गेली आणि खुदकन हसली. ती शेजारच्या नातवाला म्हणाली, "हा माणूस आपल्यातलाच दिसतोय. नाही म्हटलेलं याला ऐकूच येत नाही."

तेवढ्यात काकांच्या खिशात फोन थरथरला. हात भाताने बरबटलेले. नेनिताने पुढे होऊन फोन काढला, नाव वाचलं आणि बटण दाबलं. नेमकं स्पीकरचं.

"अहो! मुलगी झाली!" कांचनकाकूंचा आवाज अख्ख्या दुकानात घुमला. "दोन आठवडे आधीच आली बघा! ऋता अगदी छान आहे, बाळ छान आहे. तुमच्यासारखं नाक आहे हो... अहो, ऐकताय ना? कसला गोंगाट आहे हा? आहात कुठे?"

काका वाढता वाढता थांबले. पातेलं कडेवर, डोळ्यांत पाणी, तोंड उघडं. चाळीस माणसं त्यांच्याकडे बघत होती.

"ग्रँडडॉटर," ते कसेबसे म्हणाले. "आत्ता. न्यू जर्सीत."

दुकानात एकच आरोळी उठली. पणजीबाईंनी उठून त्यांचे दोन्ही गाल धरले. आणि मग लहान मुलं रांगेने पुढे आली. त्यांच्यात वडीलधाऱ्यांचा हात आपल्या कपाळाला लावून आशीर्वाद घेतात. आता काका आजोबा झाले होते, तेव्हा त्यांचा हात मागायलाच हवा. काका एकेकाच्या कपाळाला हात लावत गेले आणि प्रत्येक कपाळावर शितं चिकटत गेली.

"अहो, कोण ओरडतंय? सांगा तरी!" फोनमधून काकू विचारतच होत्या.

फोन नेनिताच्या हातात होता, त्यामुळे तीच बोलली. ओळख, अभिनंदन आणि लगेच सूचना: "तुमच्या लेकीला मलुंगायचं सूप द्या. आलं, कोंबडी आणि शेवटी मूठभर मलुंगायचा पाला. दूध भरपूर येतं."

"मलुंगाय म्हणजे काय?" काकू.

नेनिताने फ्रीजमधून एक पेंडी आणून काकांच्या नाकासमोर धरली.

"कांचन, शेवगा आहे गं!" काका ओरडले. "शेवग्याचा पाला!"

"मग असं सांगा ना!"

दुसऱ्या दिवशी जावई, नकुल, तिथल्या ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून गोठवलेला शेवग्याचा पाला घेऊन आला. डिंकाच्या लाडवाला "आई, टू मच तूप" म्हणून नाक मुरडणारी ऋता ते सूप दोन वाडगे प्यायली. काकूंनी नेनिताला फोटो पाठवला, नेनिताने आणखी एक रेसिपी पाठवली, आणि बघता बघता दोघींचं रोजचं बोलणं सुरू झालं. काकांचा नंबर मागे पडला. एका सकाळी ते न्याहारीला गेले तर नेनिता म्हणाली, "कुया, बाळ काल पहिल्यांदा हसलं."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"आता मी सांगितलं ना."

गुडघ्याला परवानगी मिळाल्यावर काका एडिसनला गेले. नातीला, सियाला, मांडीवर घेऊन बसले की त्यांना उठवणं मुश्कील व्हायचं. पण जेवायच्या वेळी उठायचे. बारशाच्या दिवशी तर पाहुण्यांना वाढायला तेच उभे. व्याही बिचारे लाजून सारखे "तुम्ही बसा हो" म्हणत होते. ऋता आईच्या कानात पुटपुटली, "आई, आर यू शुअर हे आपलेच बाबा आहेत?"

जानेवारीत दोघं फ्रीमाँटला परतली आणि दुसऱ्याच दिवशी काका काकूंना घेऊन युनियन सिटीला गेले. मनात जरा धाकधूक होती. काकूंना वास सहन झाला नाही तर? काकूंनी दारातच नाकाला पदर लावला खरा, पण काउंटरमागून नेनिता हात पसरून धावत आली आणि पदर सुटला. जन्माच्या मैत्रिणी भेटल्यासारख्या दोघी गळ्यात पडल्या. काकूंनी नेनितासाठी डिंकाचे लाडू आणले होते, नेनिताने काकूंसाठी जांभळ्या रंगाचा खास केक ठेवला होता. एकमेकींना खाऊ घालण्याच्या नादात काकांचं ताट राहून गेलं. मग काकूंना नारळाच्या दुधातलं अळू शिकायचं होतं, म्हणून दोघी स्वयंपाकघरात गेल्या त्या गेल्याच.

काका टेबलावर एकटे. थोडा वेळ त्यांनी वाट पाहिली. मग रूडीने न विचारता एक उंच ग्लास आणून समोर ठेवला: चुरलेला बर्फ, दूध, गोड बीन्स, फणसाचे तुकडे आणि वर जांभळं आइस्क्रीम. काकांची साखर बॉर्डरवर आहे आणि काकूंचं त्यावर बारीक लक्ष असतं. काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता, काकू काहीतरी विचारत होत्या, नेनिता मोठमोठ्याने हसत होती.

काकांनी खुर्ची जरा फिरवून दाराकडे पाठ केली आणि चमचा थेट तळापर्यंत घातला.