कात्रीबाईंनी कापलेली दहा विमानं

हवाई दलाच्या कारखान्यात जुन्या विमानांत नवं काही बसवायचं, तर पैशांचा कागद कात्रीबाईंच्या टेबलावरूनच जायचा. एकोणतीस वर्षं जात होता. कुणी कितीही मागो, बाई तिसरा हिस्सा कापणार, म्हणून हे नाव पडलं. खातेप्रमुखही काही कच्चे नव्हते, ते आधीच फुगवून मागायचे. तेरी भी चूप, मेरी भी चूप. कुणाचं काही अडत नसे.

यंदा इंजिनापाशी आग विझवणारा संच बसवायचं काम नव्या फोरमनकडे आलं. विमानं तीस. भल्या माणसानं संच तीसच मागितले. बाईंच्या पेनानं सवयीनं वीस केले.

पैसे वाटून झाल्यावर फोरमन दारात येऊन उभा राहिला. "बाई, उरलेल्या दहा विमानांतही माणसंच बसतात ना?"

बाईंनी कागद पुन्हा काढून पाहिला. तीसचे वीस त्यांच्याच पेनानं झाले होते.

तिकडे रंगखात्यात पैसा उतू जात होता. वर्षअखेरीच्या आत खर्च दाखवायचा, म्हणून चांगल्या रंगावर पुन्हा रंग चालला होता. तो पैसा वळवता आला असता, पण त्यासाठी बाईंना स्वतःची चूक लेखी कबूल करावी लागणार होती.

"सहा महिन्यांत रिटायर होताय," साहेब म्हणाले. "कशाला हात पोळून घेता? ती दहा पुढच्या वर्षी बघू."

घरी येऊन बाई खुर्चीत कोसळल्या.

"अगं, चपला तरी काढ," नवरा म्हणाला.

"अहो, कंटाळा आला."

"कामाचा?"

"माझाच."

सकाळी त्यांनी चूक लिहून दिली. पैसे वळले आणि एकोणतीस वर्षांतला पहिला मेमो हातात पडला. रंगखात्याचा प्रमुख जिन्यात भेटला तरी तोंड फिरवू लागला. बाईंना त्याचं वाईट वाटलं, पण भांडायचं त्राण नव्हतं.

महिन्याभरानं फोरमन आला. "तिसाव्या विमानातही बसला, बाई." मग घुटमळून म्हणाला, "पुढच्या वर्षी मीही वाढवूनच मागू का?"

साऱ्या कारखान्यात खरं मागणारा हा एकच माणूस होता. बाईंना त्याला नको म्हणायचं होतं, अगदी मनापासून.

"दीडपट मागा," त्या म्हणाल्या. "माझ्या खुर्चीवर येणाऱ्या पोरीला मीच शिकवलंय."