सरांना पाठ असलेला पत्ता

आमच्या लॅबमधला डेटाबेस सरांनी उभा केला आणि मी त्यांच्याच हाताखाली शिकले. निवृत्तीनंतर ते निफाडला राहायला गेले. तरी रोज सकाळी सातला घरूनच डेटाबेसला जोडून रात्रीचा बॅकअप नीट झालाय ना, ते बघायचे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी थांबवलंही नव्हतं. सर्व्हरचा तो आकडी पत्ता त्यांनी कधी लिहून ठेवला नाही. पाठच होता.

मग ऑडिट झालं. रुग्णांचे रिपोर्ट असलेला डेटाबेस असा थेट इंटरनेटवर उघडा? ऑडिटरचं चुकीचं नव्हतं. मी बॅस्टियन होस्ट बसवला, म्हणजे मधे एक पहारेकरी मशीन. आधी त्यावर जायचं, ओळख पटली तरच पुढे. थेट वाट कायमची बंद. कुणाकुणाला आत सोडायचं, ती यादी साहेबांनी दिली. त्यात सरांचं नाव नव्हतं.

"निवृत्त माणसाचं आता काय काम?" साहेब म्हणाले आणि मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

सरांना फोन करायला हवा होता. पण सांगणार काय, तुमची गरज उरली नाही? आज करू, उद्या करू करत राहिले. रोज ऑफिसात आले की लॉगमध्ये निफाडची नोंद असायचीच: सात वाजता, नाकारलं. सात-दोन, नाकारलं. सात-पाच, नाकारलं. चहा पीत मी ते वाचायचे आणि लॉग बंद करायचे. एवढी कोडगी मी कधी झाले, कोण जाणे.

दीडेक महिन्यानं त्या नोंदी थांबल्या. रविवारी निफाड गाठलं.

सर टेबलाशी बसले होते. समोर वही, पानंच्या पानं आकड्यांनी भरलेली.

"उलटसुलट करून बघतोय," ते म्हणाले. "एकही लागत नाही. विसरायला लागलोय गं मी. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय."

काकू डोळ्याला पदर लावून आत गेल्या.

मी वही ओढून घेतली. पहिल्या पानावर, पहिल्याच ओळीत, पत्ता अचूक होता. मला स्वतःची किळस आली.

"सर, आमच्याकडूनच काही बदललं असेल," एवढंच कसंबसं बोलले.

"छे," ते म्हणाले. "बदललं असतं तर तू कळवलं असतंस."