बिनछपराची मोटार आणि अडत्याचा उद्या

१२ मे १९८६, सोमवार. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला. सकाळी नऊलाच पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता.

त्या दिवशी मी जी माती खाल्ली ती कुणापुढं काढू नका, असं बायकोनं बजावलंय. पण आता चहा ओतलाच आहे, तर ऐका.

माझी उदगीरला अडत. दोन वर्षं पावसानं पाठ फिरवलेली. तूर नाही, मूग नाही, नुसतं गादीवर बसून माश्या मारायच्या. लातूर नवा जिल्हा झालेला, म्हणून शहाणी माणसं तिकडं प्लॉट घेत होती. माझ्या मेव्हण्यानं दोन घेतले. आणि मी काय घेतलं? हैदराबादच्या एका जुन्या जहागीरदारांच्या घरातली अमेरिकन मोटार. लाल, दोन दारांची, आठ सिलिंडरची, बैलांसकट बैलगाडी असते तेवढी लांब. वरचं छप्पर कापडाचं, घडी करून मागं टाकायचं. ते उंदरांनी केव्हाच खाल्लं होतं. मी म्हटलं खाऊ द्या, पाऊस तरी कुठं आहे? जुन्या मोटारीचा भाव दरसाल चढतच जातो, असं मला एका जाणकारानं पटवून दिलं होतं. जाणकार कोण? विकणारा.

बायकोनं गाडीभोवती एक फेरी मारली आणि शांतपणे विचारलं, "छप्पर न्हाई, म्हंजे पैशे अर्धेच दिले असतील ना?"

खरं सांगू का, गुंतवणूक हे लोकांना सांगायचं कारण. माझा जीव जडला होता तिच्यावर. तिचं इंजिन सुरू झालं की छातीत तबला वाजायचा.

तर त्या सोमवारी ती मेव्हण्याला दाखवायला लातूरला निघालो. चालवायला आमचे मेकॅनिक महेबूबभाई. पुढच्या सीटची स्प्रिंग वर आलेली, म्हणून मी एकटा मागं. ऊन लागू नये म्हणून पांढरी टोपी, पांढरा सदरा, काळा चष्मा. आणि बायकोनं पूजा करून बॉनेटवर झेंडूचा हार घातलेला. आता तुम्हीच सांगा, असा माणूस रस्त्यानं जाताना कोण वाटेल? मला मात्र हे तेव्हा सुचलं नाही.

खडकवाडीच्या पाराजवळ रेडिएटर उकळला. वाफ अशी उठली की पिंपळ दिसेना. महेबूबभाई बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणाले, "अप्पा, ह्याच्यापरीस म्हैस घ्यायची होती. पाणी एवढंच पिली असती, पण दूध तरी दिली असती."

जवळपास विहीर दिसते का बघावं म्हणून मी सीटवर उभा राहिलो. इथंच चुकलं. कारण नव्या जिल्ह्यात त्या वर्षी दर आठ दिवसांनी कुणीतरी उघड्या गाडीत उभं राहून भाषण करायचं. मी उभा राहिलो आणि गाडी बघायला जमलेलं गाव भराभर खाली बसलं. मी विहीर शोधतोय आणि समोर शंभरेक माणसं तोंडाकडं बघतायत. खाली बसावं तर अपमान वाटेल, बोलावं तर काय? मी हात जोडले. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग केराबाई नावाची एक म्हातारी पुढं आली. गावात तिचाच शब्द चालतो हे तिच्या चालीवरूनच कळत होतं. तिनं विचारलं, "टँकर कवा येतंय, सायेब?"

आता आमच्या अडतीतली एक गोष्ट सांगतो. विकलेल्या मालाच्या पट्टीचे पैसे कधी? उद्या. पोती कधी उचलता? उद्या. हा उद्या म्हणजे जरा दम धरा, हे शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. वीस वर्षं हा शब्द बोलून बोलून माझ्या जिभेला त्याचा उतार पडलेला. कुणी 'कवा' म्हटलं की तो आपोआप घरंगळतो.

"उद्या," मी म्हणालो.

महेबूबभाईंनी बॉनेटमधूनच विचारलं, "अप्पा, अडतीत बसलाव का?"

पण केराबाई गावाकडं वळली होती. "ऐकलाव का? उद्या म्हनला. बघतो, करतो, असलं काय न्हाई. उद्या." मग तिनं वाफेकडं बोट केलं. "सायबाची गाडी हितंच अडली तर टँकर कसा यील? आना रं पानी."

आणि बायका घराकडं गेल्या. कुणी तांब्या आणला, कुणी फडक्यानं झाकलेली कळशी. चार मैलांवरून डोक्यावर आणलेलं पाणी, माझ्या डोळ्यांदेखत रेडिएटरात गेलं. मी नको नको म्हणत होतो, आणि लोक एकमेकांना सांगत होते, सायेब लई साधा हाय.

गाडी निघाली. पण लातूरला जायचं तोंड कुणाला होतं? वळवून तडक उदगीरच्या तहसील कचेरीत गेलो. तिथले कारकून भले गृहस्थ. त्यांनी पाहून सांगितलं की खडकवाडीचा टँकर मंजूर आहे, पण जिल्हा नवा झाल्यानं कागद जुन्या जिल्ह्यात अडकलेत. ते कधी येतील म्हणून विचारलं.

"उद्या," ते म्हणाले.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं आधी घरच्या रांजणात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "त्या बायकांनी आज रांधायला काय वापरलं असंल हो?" आणि गाडीकडं बघत, "मागची सीट काढा. छप्पर न्हाई म्हणून ड्रम वरून सोडता येतील."

दुसऱ्या दिवशी अडतीच्या बोअरवर चार ड्रम भरले. महेबूबभाईंना दुकान होतं, म्हणून गाडी मीच चालवली. लुंगी, बनियन, डोक्याला टॉवेल, अंगभर चिखल. पाराजवळ पोचलो तर गाव उभंच होतं. ड्रम उतरवताना केराबाई माझ्याजवळ आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "सोताची गाडी लावली बघ सायबानं. बोलला तसा वागला मानूस. तू मातर लई हळू हैस. उद्या जरा लवकर ये."

मी मान हलवून हाव म्हणालो.

रोज एक खेप केली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सरकारी टँकर सुरू झाला. गावानं पारावर सायबाचा सत्कार ठेवला आणि मला ड्रायव्हर म्हणून जेवायला बोलावलं. पिठलं, भाकरी, ठेचा होता. सायेब कामात असतील असं ठरवून शाल आणि नारळ माझ्याजवळ दिला, त्यांना पोचता करायला सांगितलं. मी दोन्ही उदगीरला आणले.