यक्षाची आणि साइबुआची पिल्लं

पाकनामच्या मगरींच्या फार्मवर लामचियाक मावशी आधी कामगारांचा भात शिजवायची. तिचा नवरा प्लुअंग मगरी सांभाळायचा. तो तापाने गेला, तशी मावशी सरळ शेठपुढे उभी राहिली आणि तिने त्याचं काम मागितलं.

"अगं बाई, तिथे दात आहेत," शेठ म्हणाले.

"ठाऊक आहे. तो झिंगून पडायचा तेव्हा कोंबड्या कोण टाकत होतं त्यांना?"

शेठना हसू आलं, आणि काम मिळालं. मी तेव्हा तिथे मगरींच्या खाण्याचे मासे कापायचो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

शेठच्या डोक्यात एकच खूळ होतं. नदीतली मगर स्वभावाने बरी, पण वाढायला फार वेळ घ्यायची. खाऱ्या पाण्यातली अवाढव्य व्हायची, पण नुसता जाळ. दोघींचं रक्त एकत्र आलं तर? त्यासाठी त्यांनी खाडीतून एक नर आणला होता. देवळाच्या दारातल्या राक्षसासारखा दिसायचा म्हणून आम्ही त्याला यक्ष म्हणायचो. त्याच्या तळ्यात नदीतली मादी सोडली, तर सकाळ सरायच्या आत त्याने तिचा जीव घेतला. शेठनी तो नाद सोडला.

मावशीने सोडला नाही. साइबुआ ही नदीतली मादी तिने अंड्यातून निघाल्यापासून वाढवलेली. तिला मावशीने यक्षाच्या शेजारच्या तळ्यात ठेवलं, मध्ये फक्त लोखंडी गज. दोघांचं खाणं गजांपाशीच टाकायचं, तेही एकाच वेळी. एक अख्खा उन्हाळा यक्ष धडका मारत राहिला. पुढच्या उन्हाळ्यात धडका थांबल्या. मग एका दुपारी साइबुआने नाकाड वर करून गजांना टेकवलं, आणि तो राक्षस पलीकडे बुडबुडे सोडत गप्प पडून राहिला.

"शेठ, आज गजांमधलं दार उघडा."

"आणि हीपण मेली तर?"

"तर मला परत चुलीपुढे बसवा."

दार वर ओढलं. मी बांबू घेऊन उभा. मावशी माझ्यावरच डाफरली, "ठेव तो खाली! लग्नघरात काठी घेऊन येतात का?"

यक्ष सावकाश पुढे आला. त्याने साइबुआच्या मानेवर जबडा टेकवला. शेठनी डोळे मिटून घेतले. पण जबडा आवळला गेला नाही. दोघं गढूळ पाण्यात खाली गेली.

साइबुआने गवताचा ढीग रचून अंडी घातली. काही आठवड्यांनी ढिगातून पिल्लांचा आवाज आला, तेव्हा मावशी केस विंचरून, ठेवणीतलं वस्त्र नेसून शेठना बोलवायला गेली. "चला, नातवंडं झालीत."

पिल्लं झपाट्याने वाढली. लांबलांबचे फार्मवाले बघायला यायचे, आणि मावशी त्यांच्यापुढे अशी चालायची, जणू तळी तिनेच खणली होती.

मग शेठनी हुकूम सोडला: नदीच्या सगळ्या माद्या खाऱ्या नरांमध्ये सोडा. मावशी फाटकात आडवी उभी राहिली.

"मागचं तळं सोडून, शेठ. तिथे नदीचेच नर, नदीच्याच माद्या राहतील."

"स्वतःच्याच पिल्लांना नावं ठेवतेस?"

"पिल्लं माझा जीव आहेत! पण एकदा मिसळलेलं रक्त परत निवडून काढता येत नाही. दलदलीत आता नदीची मगर दिसते का कुठे? इथली पण संपली, तर पुढे पिल्लं कुणाची काढणार तुम्ही?"

शेठ तणतणत निघून गेले. कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. पण मागच्या तळ्याला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

मावशी म्हातारी झाली तेव्हा वनखात्याची माणसं आली. दलदलीत सोडायला त्यांना अस्सल नदीच्या मगरी हव्या होत्या, आणि बाकी फार्मांवर कुठली अस्सल, कुठली मिश्र, हे सांगता येत नव्हतं. आमच्या मागच्या तळ्यातल्या सगळ्या अस्सल निघाल्या. शेठचा मुलगा तिला म्हणाला, "मावशी, तू घरी बस, आम्ही पोचवतो."

"बरा पोचवशील! वाटेत पाणी कोण मारणार त्यांच्यावर?" असं म्हणून ती ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी चढून बसली. दलदलीच्या काठी पिंजरे उघडले. मगरी एकेक करून लव्हाळ्यात शिरल्या. मावशी कमरेवर हात ठेवून, शेवटचं शेपूट दिसेनासं होईपर्यंत ताठ उभी होती. एका तरुण अधिकाऱ्याने विचारलं, "आजी, या सगळ्या तुम्ही वाढवल्या?"

"या तर झाल्याच," ती म्हणाली, "पण पाकनामला ये. माझ्या यक्षाची पोरं बघशील तर पळत सुटशील."