अल्बानचं नाक

आल्प्स पर्वतातल्या सार्न खोऱ्यात कुणाला सर्दी झाली की पहिलं नाव निघायचं ते अल्बान ओबरहोफरचं. वरच्या उतारावर पाइनची बुटकी झुडपं जमिनीला बिलगून वाढतात. अल्बान त्यांच्या फांद्या कापून आणायचा, बारीक करून तांब्याच्या मोठ्या हंड्यात जाळीवर दाबून भरायचा आणि खालच्या पाण्याला उकळी आणायचा. वाफ झऱ्याच्या गार पाण्यात बुडवलेल्या नळीतून जायची आणि पलीकडच्या भांड्यात पाण्यावर तेलाचा पातळ तवंग धरायचा. गरम पाण्यात दोन थेंब टाकून वाफ घेतली की चोंदलेलं नाक मोकळं. चरबीत कालवून गुडघ्याला चोळलं की कातडी लाल व्हायची, आतून ऊब यायची आणि म्हातारी माणसं चर्चची पायरी न कण्हता चढायची.

या सगळ्यात अल्बानचा भरवसा एकाच गोष्टीवर होता, स्वतःच्या नाकावर. आच वाढली, पाणी आटलं, फांद्या शिळ्या झाल्या, सगळं त्याला वासावरून कळायचं. बायको नोटबुर्गा, म्हणजे त्याची बुर्गल, भट्टीकडे आली की तो हात झाडायचा. "बुर्गल, तू तुझ्या गाई सांभाळ. तुझ्या अंगाला गोठ्याचा वास येतो, माझा घोटाळा होतो."

एका हिवाळ्यात तो तापाने पडला. उठला तेव्हा हातपाय जागेवर होते, भूकही होती, पण वास गेला होता. त्याने स्वतःच्याच तेलाची वाफ घेतली. डोळ्यांतून पाणी आलं, नाकात गार झणझणलं, पण वास म्हणून काही नाही. येईल आज ना उद्या, असं म्हणत तो गप्प राहिला. वसंत सरला तरी नाक गप्पच. ज्याच्या तेलाने अख्ख्या खोऱ्याची नाकं उघडायची, त्याचं स्वतःचंच बंद पडलंय, हे तोंडाने सांगायचं कसं?

उन्हाळ्यात त्याने तशीच भट्टी लावली. तेल निघालं, रंग नेहमीसारखाच होता. त्याने बाटल्या भरल्या.

शेजारची क्रेसेन्त्स दुसऱ्याच दिवशी बाटली घेऊन दारात उभी राहिली. तिची जीभ अख्ख्या गावाला ठाऊक होती.

"अल्बान, छातीला चोळायला तेल मागितलं होतं मी. करपलेली लापशी नव्हती मागितली."

"काय झालं?"

"मलाच विचारतोस? हुंगून बघ की!"

अल्बानने बाटली नाकाशी धरली, दूर नेली, परत धरली. कपाळाला आठ्या घातल्या. "बरा आहे की वास," तो म्हणाला.

क्रेसेन्त्सने कधी नव्हे ते तोंड मिटलं. तिने गोठ्यातून येणाऱ्या बुर्गलकडे पाहिलं. बुर्गलने हातातली बादली खाली ठेवली.

"मावशी, तू घरी जा. चांगलं तेल मी घेऊन येते तुझ्याकडे."

ती गेल्यावर अल्बान बाकावर बसला. "पाणी आटलं असणार. खालच्या फांद्या जळल्या असणार. मला कळलंच नाही, बुर्गल."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुला वास येत नाही ते. ईस्टरच्या आधी चुलीवर दूध करपलं, घरभर धूर झाला. तू तिथेच बसून पाइपमधली राख झाडत होतास. हूं की चूं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तू महिनाभर फुगून बसला असतास. शिवाय मला वाटलं, स्वतःच सांगशील." ती त्याच्या शेजारी बसली. "आता हंडा घासायला घे. उद्या मी येते भट्टीवर."

"आणि गोठ्याचा वास?"

"तुला कुठे येतोय आता?"

अल्बान हसला. कितीतरी दिवसांनी त्याला असं पोटातून हसू आलं.

दुसऱ्या दिवशी हंडा पुन्हा भरला. अल्बानने जाळ घातला, बुर्गल नळीच्या तोंडाशी बसली. तो विचारायचा, ती सांगायची. सुरुवातीला तिला शब्द सापडेनात.

"कसा येतोय?"

"हिरवा."

"हिरवा काय हिरवा! नीट सांग."

"लिंबाची साल नखाने खरवडल्यासारखा. आता थोडा उतरलाय. नवी फळी रंध्याने तासल्यासारखा."

"बरोबर चाललंय. आता?"

"आता ओलं सरपण. उकडल्यासारखं."

"बस! चांगलं तेल निघून झालं. भांडं बदल."

ते तेल तिने स्वतः क्रेसेन्त्सकडे नेलं. नुसतं अंगाला लावू नकोस, भाजेल, चरबीत कालव, बाटली अंधारात ठेव, नाहीतर चिकट होईल, हेही बजावून आली. क्रेसेन्त्सने बूच काढून हुंगलं आणि म्हणाली, "अल्बानला सांग, नाक असंच राहू दे."

अल्बानचं नाक काही परत आलं नाही. फांद्या कापणं आणि जाळ सांभाळणं त्याच्याकडे राहिलं, भट्टी बुर्गलची झाली. दुपारी ती नळीजवळ बसून मोठ्याने सांगायची आणि तो लाकडं रचत ऐकायचा. कधी भट्टी विझली तरी तो विचारायचा, आज गवत कापलंय का कुणी, भाकरी भाजली का क्रेसेन्त्सने? बुर्गल मान वर करून हवा हुंगायची आणि सांगायची. गवत कुणाच्या उतारावरचं, तेसुद्धा.